गोडीच्या गोळ्या, एरिथ्रिटॉलचे लाडू आणि मेंदूच्या पेशी: मधुमेही वडिलांविषयीच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, वजन ६५ किलो, बारा वर्षांचा मधुमेह आणि जोडीला रक्तदाब. औषधांत मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाची एक गोळी. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात ॲस्पार्टेमच्या दोन गोळ्या, असा क्रम अनेक वर्षे चालू आहे. न्यू जर्सीला असलेला आपला भाऊ वर्षभरापासून 'नैसर्गिक साखर' म्हणून एक पांढरी भुकटी पाठवतो, तिच्यात मुख्यतः एरिथ्रिटॉल आहे आणि आई तिचे बेसनाचे लाडू करते. गेल्या सहा महिन्यांत वडिलांना नावे आठवेनाशी झाली आहेत, एकच गोष्ट ते दोनदा सांगतात. त्यातच 'कृत्रिम गोडीमुळे मेंदूच्या पेशी मरतात' असे वाचल्यामुळे आपण विचारता की, हे सगळे बंद करून सरळ गुळाचा चहा सुरू करावा का.

गुळाचा चहा सुरू करू नये, हे आधीच सांगून टाकतो. बाकीचे उत्तर एवढे सरळ नाही, कारण आपल्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. गोडी आणणारे हे पदार्थ मेंदूला अपाय करतात का, हा एक. आणि वडिलांचा विसराळूपणा कशामुळे आला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आज अर्धवट आहे आणि ते पदार्थागणिक बदलते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा महिन्याभरात मिळू शकते, आणि माझ्या मते आपली खरी निकड तीच आहे. मी फिजिशियन असून माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेही आणि पक्षाघातातून सावरणारे रुग्ण सर्वाधिक असतात. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे विवेचन त्या मर्यादेतच वाचावे.

सॅकरीन, ॲस्पार्टेम, सुक्रालोज, एसेसल्फेम-के, स्टीव्हिया आणि एरिथ्रिटॉल ही सगळी नावे बातम्यांत एकाच पोत्यात भरली जातात. चव सोडली तर त्यांच्यात फारसे साम्य नाही. ॲस्पार्टेम आतड्यातच फुटते आणि रक्तात अखंड स्वरूपात जवळजवळ पोहोचतच नाही. सुक्रालोजचा बहुतांश भाग न शोषला जाता शौचावाटे निघून जातो. एसेसल्फेम-के शोषले जाते, पण कोणताही बदल न होता लघवीतून बाहेर पडते. एरिथ्रिटॉल हे साखर-अल्कोहोल या वर्गातले असून त्याचा सुमारे ९० टक्के भाग रक्तात शिरतो, शरीरभर फिरतो आणि मग मूत्रपिंडावाटे जातो. म्हणून 'मेंदूवर परिणाम' असे शब्द दिसले की मी आधी पाहतो की पदार्थ कोणता, त्याची मात्रा किती, आणि तो ज्या पेशीपर्यंत पोहोचतो असे म्हटले आहे तिथपर्यंत तो खरोखर जातो का.

आता आपण वाचलेल्या बातमीकडे येतो. आपण दिलेल्या वर्णनावरून ती अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेतून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाची असावी. तिथल्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्या तीन तास एरिथ्रिटॉलच्या द्रावणात ठेवल्या. द्रावणाची तीव्रता साधारण ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल असलेले एक पेय प्यायल्यावर रक्तात जेवढी होईल तेवढी ठेवली होती. त्या पेशींमध्ये घातक ऑक्सिजन-रेणूंचे प्रमाण वाढले, रक्तवाहिनी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटली आणि रक्तवाहिनी आवळणाऱ्या एंडोथेलिनची निर्मिती वाढली. शिवाय, गुठळीची चाहूल लागताच अशा पेशी एरवी जो गुठळी विरघळवणारा पदार्थ सोडतात, तो त्यांनी वाढीव प्रमाणात सोडला नाही. हा पदार्थ म्हणजे टी-पीए. लकव्याचा झटका आल्यावर साडेचार तासांच्या आत रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णाला गुठळी फोडण्यासाठी आम्ही जे इंजेक्शन देतो, ते याच पदार्थाचे कारखान्यात बनवलेले रूप असते. त्यामुळे हा निष्कर्ष वाचून माझे कान टवकारले, हे मान्य करतो.

परंतु या प्रयोगात मेलेल्या मेंदूच्या पेशी कुठेच नाहीत. ज्या पेशी विचार करतात, नावे आठवतात, हात हलवतात त्या चेतापेशी इथे तपासलेल्याच नव्हत्या. तपासलेल्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला असतात, आणि त्याही मेल्या नाहीत, त्यांचे वागणे बदलले. त्यामुळे या प्रयोगाचा रोख स्मृतीपेक्षा पक्षाघाताकडे आहे. शिवाय बशीतल्या पेशीला मूत्रपिंड नसते, यकृत नसते, वाहते रक्त नसते. तीन तासांत तिच्यात दिसलेला बदल माणसात आठवडाभर टिकतो, की दुसऱ्या दिवशी भरून निघतो, हे बशी सांगू शकत नाही. असे प्रयोग कारण कुठे शोधायचे ते दाखवतात; धोका किती, हे त्यांवरून मोजता येत नाही.

एरिथ्रिटॉलच्या बाबतीत मात्र मी एवढ्यावर थांबत नाही, कारण माणसांवरची माहितीही त्याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपमधील हृदयरुग्ण व तत्सम जोखमीचे लोक पाहिले. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होते, त्यांच्यात पुढील तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचे प्रमाण जास्त आढळले. इथे एक गोम आहे. आपले शरीर स्वतःही ग्लुकोजपासून थोडे एरिथ्रिटॉल बनवते, आणि ज्यांचा चयापचय आधीच बिघडलेला आहे त्यांच्या शरीरात ते अधिक बनू शकते. म्हणजे रक्तातले वाढलेले एरिथ्रिटॉल हे आजाराचे कारण असू शकते किंवा आजाराची खूणही. पण त्याच गटाने निरोगी स्वयंसेवकांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिले, तेव्हा रक्तातील पातळी हजार पटींहून अधिक वाढली आणि दोन दिवसांहून जास्त काळ चढीच राहिली. २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा २० निरोगी स्वयंसेवकांवर तुलना केली. एरिथ्रिटॉल घेणाऱ्यांच्या रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, अधिक चटकन चिकटू लागले आणि ग्लुकोज घेणाऱ्यांत तसे झाले नाही. लहान प्रयोग आहे, पण माणसांवरचा आहे.

हे ३० ग्रॅम म्हणजे घरात किती, ते पाहू. परदेशातून येणाऱ्या अशा पिशवीवर समोर बहुधा हिरवे पान छापलेले असते आणि 'स्टीव्हिया' किंवा 'मंक फ्रूट' असे ठळक नाव असते. पिशवी उलटी करून घटकांची यादी वाचावी. जो घटक सर्वांत जास्त तो यादीत पहिला लिहिण्याची पद्धत आहे, आणि तिथे बहुतेक वेळा एरिथ्रिटॉल असते. पानाचा अर्क शेवटी, चिमूटभर. कारण स्टीव्हियाची गोडी साखरेच्या शेकडो पट असल्याने चमचा भरण्यापुरता पसारा त्यातून मिळत नाही, तो एरिथ्रिटॉलने भरून काढलेला असतो. आता आपल्या आईंनी २०० ग्रॅम भुकटी घालून २० लाडू वळले असे धरले, तर एका लाडवात सुमारे १० ग्रॅम एरिथ्रिटॉल जाते. तीन लाडू खाल्ले की प्रयोगातली मात्रा पुरी होते, आणि 'साखर नाही' म्हटल्यावर तीन लाडू कोणीही खातो. चहाच्या कपात एक-दोन ग्रॅमची पुडी टाकणे आणि असे लाडू खाणे यांत म्हणूनच मी फरक करतो. वडिलांचे वय, मधुमेह आणि रक्तदाब पाहता ती भुकटी मी बंद करायला सांगेन. धोका सिद्ध झाला आहे असे मी म्हणत नाही. पण शंका अशाच प्रकारच्या रुग्णाविषयी आहे आणि लाडू ही काही औषधासारखी गरज नव्हे. आपण 'नैसर्गिक' हा शब्द अवतरणात लिहिला आहे, तो तिथेच राहू द्यावा.

ॲस्पार्टेमची कथा वेगळी आणि बरीच जुनी आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन ओल्नी यांनी १९६९-७० च्या सुमारास दाखवले होते की नवजात उंदरांना ग्लुटामेट किंवा ॲस्पार्टेट मोठ्या मात्रेत दिले तर मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील चेतापेशी मरतात. हे दोन्ही पदार्थ चेतापेशींना उत्तेजित करणारे आहेत, आणि अतिउत्तेजनाने पेशी खरोखरच मरू शकते. ॲस्पार्टेम पचले की त्यातून फेनिलॲलनिन, ॲस्पार्टिक आम्ल (वरचे ॲस्पार्टेट म्हणजे याचेच रूप) आणि थोडे मिथेनॉल निघते. त्यामुळे ओल्नींचा आक्षेप तर्काला धरून होता, आणि १९७४ मध्ये अमेरिकेत मिळालेली परवानगी स्थगित होऊन अंतिम मंजुरीला १९८१ उजाडले त्यामागे अशा आक्षेपांचा वाटा होता. 'मेंदूच्या पेशी मरतात' या समजुतीचे मूळ शोधत गेले तर ते बहुतेक इथे सापडते.

हा आक्षेप माणसात का टिकला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. ॲस्पार्टिक आम्ल आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून मोठ्या प्रमाणात वापरून टाकतात, त्यामुळे नेहमीच्या वापराच्या अनेक पट मात्रा दिल्यावरही माणसाच्या रक्तात त्याची पातळी फारशी हलत नाही. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तटबंदी ते सहजासहजी आत सोडत नाही. फेनिलॲलनिन आत जाते, पण ज्या वाहकाने जाते त्याच वाहकाने ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, ल्युसिन असे इतर घटकही जातात. एकाच दाराच्या एसटीत चढणाऱ्या गर्दीसारखे ते एकमेकांना अडवतात, आणि आत किती गेले हे त्या गर्दीच्या प्रमाणावर ठरते. मात्रेचे म्हणाल तर एका पेलाभर दुधात ॲस्पार्टेमयुक्त एका शीतपेयाच्या कित्येक पट फेनिलॲलनिन आणि ॲस्पार्टिक आम्ल असते. मिथेनॉलची भीती दाखवणाऱ्यांनी एक पेला टोमॅटोचा रस आठवावा. त्यातून निघणारे मिथेनॉल या पेयापेक्षा अधिक भरते.

वडिलांच्या गोळ्यांचा हिशेब करू. बाजारातील एका नेहमीच्या गोळीत साधारण १८ मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असते, म्हणून आठ गोळ्यांचे झाले १४४ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम ठरवली आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले त्याच वेळी या समितीने आपली मर्यादा कायम ठेवली. ६५ किलोच्या माणसाला ती २,६०० मिलिग्रॅम होते. वडील तिच्या अठराव्या भागाच्या आसपास आहेत. मेंदूच्या गाठींबद्दलही १९९६ मध्ये ओल्नी आणि सहकाऱ्यांनी शंका उपस्थित केली होती. पुढे अमेरिकेत सुमारे पावणेपाच लाख प्रौढांच्या पाहणीत, २००६ मध्ये, ॲस्पार्टेमयुक्त पेये आणि अशा गाठी यांचा संबंध आढळला नाही.

याचा अर्थ ॲस्पार्टेमला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मिळाले असा मी घेत नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या २०१४ च्या एका छोट्या प्रयोगात २८ निरोगी माणसांना आठ-आठ दिवस कमी आणि जास्त ॲस्पार्टेमचा आहार दिला. जास्त मात्रेच्या दिवसांत त्यांची चिडचिड वाढली आणि दिशा-अंतर ओळखण्याच्या चाचणीत ती मागे पडली. ती मात्रा किलोमागे २५ मिलिग्रॅम होती, म्हणजे वडिलांच्या वजनाला दिवसाला नव्वद गोळ्या. चहातून तिथवर कोणी पोहोचत नाही. पण दिवसभर शीतपेये, च्युइंगम, साखरविरहित बिस्किटे आणि प्रोटीनची भुकटी घेणारा तरुण त्या दिशेने निघालेला असतो, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास ब्राझीलचा आहे. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन पाहणीतून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत १२,७७२ प्रौढ होते, सरासरी वय ५२, आणि पाठपुरावा सुमारे आठ वर्षांचा. ॲस्पार्टेम, सॅकरीन, एसेसल्फेम-के, एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, सॉर्बिटॉल आणि टॅगाटोज अशा सात पदार्थांचे एकत्रित सेवन त्यांनी मोजले. सर्वाधिक सेवनाच्या गटात, जिथे सरासरी दिवसाला १९१ मिलिग्रॅम होती, स्मृती आणि विचारशक्तीची घसरण सर्वांत कमी सेवनाच्या गटापेक्षा ६२ टक्के अधिक वेगाने झाली. संशोधकांच्या हिशेबाने हे मेंदू सुमारे १.६ वर्षांनी अधिक म्हातारा होण्याइतके आहे. आपले वडील १४४ वर आहेत, म्हणजे अधिकृत मर्यादेपासून कितीतरी दूर असूनही या अभ्यासातल्या वरच्या गटाच्या शेजारी. शिवाय हा संबंध मधुमेहींत अधिक ठळक होता.

मग मी गोळ्या तत्काळ बंद करा असे का म्हणत नाही? एक तर हा संबंध ६० वर्षांखालील लोकांतच दिसला, त्याहून मोठ्यांत दिसला नाही, आणि वडील ६८ वर्षांचे आहेत. दुसरे म्हणजे कोण काय खाते हे सुरुवातीला एकदा प्रश्नावलीतून विचारलेले होते. आठ वर्षांत माणसाचा चहा किती वेळा बदलतो, हे आपल्या घरातही दिसेल. तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, गोडीच्या गोळ्या घेतो कोण? ज्याची साखर वाढली आहे, वजन वाढले आहे, ज्याला डॉक्टरांनी बजावले आहे तो. त्याच्या मेंदूला धोका आधीपासूनच आहे. गणिताने हा फरक काढून टाकण्याचा प्रयत्न होतो, पण तो पूर्णपणे निघत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीत हेच झाले होते: रोज एक 'डाएट' शीतपेय घेणाऱ्यांत पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश जवळपास तिप्पट दिसला, परंतु मधुमेहाचा हिशेब धरताच स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंध बराच सैल पडला.

सुक्रालोजबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आपण पर्याय म्हणून त्याचे नाव विचारले आहे. ब्राझीलच्या यादीत ते नव्हते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५ मध्ये ७५ जणांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा सुक्रालोज प्यायल्यावर, साखर प्यायल्याच्या तुलनेत, भूक नियंत्रित करणाऱ्या हायपोथॅलॅमसमधील रक्तप्रवाह वाढलेला आणि भूकही वाढलेली आढळली. पेशींची हानी त्यात मोजलेली नव्हती. जिभेला गोड लागले पण पोटात काही आले नाही, ही विसंगती मेंदूला जाणवते एवढे त्यातून दिसते. उलट चेन्नईतील मधुमेहींवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत चहा-कॉफीतील साखरेऐवजी सुक्रालोज दिल्यावर वजन आणि कमरेचा घेर थोडा कमी झाला, साखरेची सरासरी बिघडली नाही. आपल्याकडे गोडी मुख्यतः चहातूनच जाते, म्हणून मला ही चाचणी आपल्या घरांच्या अधिक जवळची वाटते. चहा उकळतानाच गोडी घालायची सवय असेल तर सुक्रालोज त्याला टिकते, ॲस्पार्टेम उष्णतेने फुटते आणि गोडी कमी लागली म्हणून माणूस आणखी दोन गोळ्या टाकतो. ॲस्पार्टेम नेहमी चहा गाळून झाल्यावर घालावे.

आता गूळ. आठ गोळ्यांच्या जागी आठ चमचे गूळ आला तर दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखरच पोटात जाते. गुळातल्या लोहाचे कौतुक या मात्रेत निरर्थक ठरते. आणि वाढलेल्या साखरेचा मेंदूवर होणारा परिणाम बशीतल्या पेशींवरून ताडावा लागत नाही. मधुमेहींत पक्षाघाताचे प्रमाण इतरांपेक्षा दीड-दोन पट असते, स्मृतिभ्रंशाचेही जास्त असते, आणि मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे नुकसान एमआरआयवर डोळ्यांनी दिसते. ज्या अस्तराच्या पेशींची एवढी चर्चा वर केली, त्याच पेशी वर्षानुवर्षे चढ्या साखरेत आणि चढ्या रक्तदाबात बसलेल्या असतात. एका संशयित धोक्याच्या भीतीने सिद्ध झालेला धोका घरात आणणे मला पटत नाही. मध, खडीसाखर, खजूर यांनाही हेच लागू आहे.

वडिलांच्या विसराळूपणाकडे येतो. कृत्रिम गोडीवर बोट ठेवण्याआधी आपण पाठवलेल्या औषधांच्या यादीतल्या दोन औषधांकडे पाहावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते, आणि आपण लिहिता त्याप्रमाणे घर शाकाहारी असेल तर साठा आधीच बेताचा असतो. बी-१२ ची कमतरता म्हणजे हातापायांना मुंग्या, तोल जाणे आणि स्मरणशक्ती मंदावणे. ही खऱ्या अर्थाने चेतापेशींची हानी आहे, आणि वेळेत इंजेक्शने दिली तर पुष्कळदा भरून येते. ग्लिमेपिराइडने साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते. वयोमानाने मूत्रपिंड मंदावले की त्याचा अंमल लांबतो. माझ्याकडे एका निवृत्त लिपिकाला घरच्यांनी 'शुगर-फ्री गोळ्यांनी डोके गेले' म्हणून आणले होते. ते नेमके कधी गोंधळतात हे विचारल्यावर त्यांच्या सुनेने सांगितले की संध्याकाळी, चहाच्या आधी. दुसऱ्या दिवशी सहा वाजता घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा ५८ आला. औषधाची मात्रा कमी केल्यावर संध्याकाळचा गोंधळ गेला. हा विषय किरकोळ नाही. अमेरिकेतील मधुमेहींच्या २००९ च्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांची साखर रुग्णालयात न्यावे लागेल इतकी खाली गेली होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले.

म्हणून पुढच्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन-चार दिवस सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि एकदा पहाटे तीनला साखर मोजून वहीत लिहा. गोंधळल्यासारखे वाटतील त्या क्षणी तर नक्की मोजा. आकडा ७० च्या खाली दिसला तर त्या वेळी त्यांना ग्लुकोज किंवा खरी साखर द्यायची असते, गोडीची गोळी टाकलेला चहा तिथे काहीच उपयोगाचा नाही, हे घरातल्या सर्वांना माहीत हवे. रक्ततपासणीत बी-१२, थायरॉईड, क्रिएटिनिन, सोडियम आणि तीन महिन्यांची सरासरी साखर असावी. ऐकू कमी येते का ते पाहा, कारण जे नाव नीट ऐकलेच नाही ते आठवणार कसे. झोप आणि मन:स्थितीचीही चौकशी व्हावी. या वयातले औदासीन्य पुष्कळदा विसराळूपणाच्या वेषात येते. डॉक्टर तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारतील, घड्याळाचे चित्र काढायला लावतील. नाव न आठवणे आणि नंतर आठवणे हे वयाला धरून असू शकते. नेहमीच्या रस्त्याने घरी येताना चुकणे, व्यवहारातले पैसे न जुळणे, नेहमीचे काम करताना क्रम विसरणे असे काही दिसत असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.

गोळ्यांबाबत माझा सल्ला असा. प्रत्येक कपात दोनऐवजी दीड, दोन आठवड्यांनी एक, मग अर्धी, असे उतरत जावे. जीभ साधारण महिन्या-दीड महिन्यात कमी गोडीला सरावते, असा माझ्या रुग्णांचा अनुभव आहे. एकदम बंद केले तर बहुतेक जण चौथ्या दिवशी साखरेच्या डब्याकडे वळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत असे सुचवले, त्यातून मधुमेहींना वगळलेले आहे, पण सवयच गोडीपासून दूर न्यावी हा त्यातला विचार मला मधुमेहींसाठीही योग्य वाटतो.

काही घरांत मी याहून कडक राहतो. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्या मुलांना ॲस्पार्टेम अजिबात चालत नाही. त्यांच्यात फेनिलॲलनिन साचून वाढत्या मेंदूची हानी होते आणि म्हणूनच पाकिटावर तशी सूचना छापणे बंधनकारक आहे. लहान मुले आणि गर्भवती यांनी ही सगळीच उत्पादने टाळावीत असे मी सांगतो, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना महिनाभर नोंद ठेवून पाहायला सांगतो, कारण काही जणांची डोकेदुखी ॲस्पार्टेमने खरोखर चाळवते. एरिथ्रिटॉलच्या बाबतीत ज्यांना हृदयविकार झाला आहे, मेंदूचा छोटासा झटका येऊन गेला आहे किंवा हृदयात स्टेंट आहे त्यांनी पुडीसुद्धा घेऊ नये, असे मी आजच्या माहितीवर सांगतो. वडिलांच्या बाबतीत यांपैकी काही असेल तर ते आपल्या प्रश्नात आलेले नाही, कृपया कळवावे.

भावाला सांगताना पिशवी का नको याचे कारणही सांगावे, नाहीतर पुढच्या पार्सलमध्ये दुसऱ्या नावाची तीच भुकटी येईल. पाठवायचेच असेल तर मनगटावर बांधायचा नव्हे, तर दंडाला गुंडाळायचा रक्तदाब मोजण्याचा चांगला यंत्रसंच पाठवायला सांगा. वडिलांचा रक्तदाब घरी किती असतो हे आपल्या पत्रात कुठेच नाही, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने मला तो आकडा गोळ्यांच्या संख्येआधी हवा आहे.